कापडावरील छाप आणि तिचे दोष

देवघरांतील कापराची डबी आपणांपैकीं बहुतेकांच्या परिचयाची आहे. झांकण नीट लागलें नाहीं, तर महिन्या-दोन महिन्यांत डबींतला कापूर उडून जातो. तो वितळत नाहीं, डबीच्या बुडाशीं ओलावाहि उरत नाहीं. वास तेवढा मागें राहतो. म्हणूनच आपल्या आज्या डबींत चार मिरीं टाकून ठेवीत. घनरूप पदार्थानें द्रवरूप न होतां एकदम वायुरूप व्हावें, या क्रियेस शास्त्रीय परिभाषेंत संप्लवन म्हणतात. देवघरांतली ही साधी गोष्ट आज एका धंद्याच्या मुळाशीं आहे. आणि तो धंदा आपल्या शेजारीं, पिंपरी-चिंचवडच्या गल्लींत व चाकणच्या रस्त्यावर, कित्येक घरांच्या पुढच्या खोलींत चालला आहे.

पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें. आणि पुढें कांद्याच्या बाजारासाठीं व जुन्या भुईकोट किल्ल्यासाठीं ओळखलें जाणारें चाकण मोटारींचें गांव झालें. मोठ्या कारखान्यांच्या सावलींत लहान धंदे वाढतात. कारखान्यांतील क्रीडासंघ, गणेशोत्सवांतील मंडळें, देहू-आळंदीहून निघणाऱ्या दिंड्या, शाळांचीं स्नेहसंमेलनें, या सर्वांस आपापल्या नांवाचे व चिन्हाचे सदरे हवे असतात. एक संगणक, एक छपाईयंत्र आणि एक हीट प्रेस एवढ्या सामग्रीवर हें काम होतें. हीट प्रेस म्हणजे दुसरें कांहीं नव्हे. ती एक मोठी, सपाट, विजेची इस्त्री होय, जी हातानें न फिरवितां तरफेनें खालीं दाबावयाची असते.

कागदावर विशिष्ट शाईनें उलट चित्र छापावयाचें, तो कागद कापडावर पालथा घालावयाचा, आणि सुमारें १९० ते २०५ अंश सेल्सिअस उष्णतेंत ४० ते ६० सेकंद दाबून धरावयाचा. उष्णतेनें पॉलिएस्टरच्या धाग्याची घट्ट वीण आंतून सैल होते, शाईंतला रंग कापरासारखा वायुरूप होऊन त्या धाग्यांत शिरतो, आणि कापड निवालें कीं आंतच कोंडला जातो. म्हणून नीट उठलेली छाप बोटांस लागत नाहीं व धुतल्यानें जात नाहीं. पॉलिएस्टरचा धागा १९४१ सालीं इंग्लंडांत विनफील्ड व डिक्सन यांनीं तयार केला. कागदावरून त्यावर रंग उतरविण्याच्या या पद्धतीच्या शोधाचें श्रेय नोएल द प्लास या फ्रेंच गृहस्थास देतात. तें वर्ष १९५७.

इतकें सोपें वाटणारें काम बिघडतें कसें, हें मी एका घरगुती प्रसंगानें सांगतों.

गेल्या आषाढांतली गोष्ट. माझी पुतणी चिंचवडास राहते. नोकरी सुटल्यावर तिनें कर्ज काढून हें यंत्र घेतलें. चाकणकडील एका कारखान्याच्या क्रिकेट-संघांसाठीं ४२ सदऱ्यांचें काम तिजकडे आलें होतें. माल रविवारीं सकाळीं द्यावयाचा, आणि शुक्रवारीं रात्रीं तिचा मला दूरध्वनी आला, “काका, यंत्र बिघडलें. छातीवरच्या चिन्हाचा रंग एका बाजूस उठतच नाहीं. तुम्ही येतां का?”

मी गेलों, तेव्हां खोलींत एका कोपऱ्यांत वाया गेलेल्या सदऱ्यांचा ढीग होता. रंग फिका येतो असें पाहून तिनें आधीं वेळ वाढविला होता, मग उष्णता २२० अंशांपर्यंत नेली होती. चिन्हाचा गळ्याकडचा भाग फिका तो फिकाच राहिला. उलट पांढरें कापड पिवळसर झालें आणि त्यावर इस्त्री लागल्यासारखी चकाकी आली. असे १७ सदरे गेले होते. हा रंग धाग्यांत शिरतो, हाच त्याचा गुण. म्हणून चूक झाली तर ती पुसतां येत नाहीं.

मी जन्मभर कारखान्याच्या तपासणी-खात्यांत काम केलेला मनुष्य. परंतु घरच्या माणसाचें नुकसान पाहून माझीहि बुद्धि उतावळी झाली. मीं सांगून टाकलें, “विजेचा दाब कमी पडत असेल.” पुतणीचा संशय कापडाच्या व्यापाऱ्यावर होता, त्यानें सुताची भेसळ केली, असें ती म्हणत होती व त्याच्याशीं भांडावयास निघाली होती. सुदैवानें दोन्ही संशयांची परीक्षा घरींच करतां आली. उष्णतामापक आणून यंत्राची पाटी पांच ठिकाणीं मोजली. चार अंशांहून अधिक फरक नव्हता. मग शिवणींतला एक धागा ओढून काडीवर जाळला. सूत असतें, तर कागदासारखा वास येऊन मऊ राख झाली असती. येथें धागा वितळून टोंकास टणक मणी झाला. म्हणजे कापड खरें, वीज खरी, आणि आम्ही दोघे खोटे!

तेव्हां मीं तिला माझ्या खात्यांतला नेहमीचा प्रश्न विचारला, “यांतलें एखादें काम चांगलें उतरलें होतें का?”

“हो, काका. पहिले दोन नमुने उत्तम आले होते.”

“मग त्यांच्यांत आणि या सदऱ्यांत फरक कोणता?”

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “ते गोल गळ्याचे होते. हे कॉलरचे आणि गुंड्यांचे.”

उत्तर तिनेंच दिलें होतें. तरीहि खात्री करून घ्यावी म्हणून आम्हीं यंत्र थंड होऊं दिलें, सदरा त्यावर ठेविला, कागदाच्या पातळ पट्ट्या ठिकठिकाणीं ठेवून पाटी मिटली, आणि एकेक पट्टी ओढून पाहिली. दूरच्या पट्ट्या हलेनात; गुंड्यांच्या पट्टीजवळची मात्र अलगद निघून आली. कॉलर व गुंड्या यांच्या जाडीवर पाटी टेकत होती, आणि शेजारच्या कापडास दाब मिळतच नव्हता. जेथें कागद कापडास घट्ट भिडत नाहीं, तेथें रंगाचा वायु धाग्यांत न शिरतां इकडेतिकडे पसरतो. त्यास उष्णता कितीहि दिली तरी व्यर्थ. उष्णता सोसणाऱ्या स्पंजची एक लहान गादी सदऱ्याच्या आंत, केवळ चिन्हाखालीं, सरकविली. छापावयाचा भाग वर आला, गुंड्या खालीं राहिल्या, आणि पुढचा सदरा निर्दोष उतरला.

या धंद्यांतील दोष पुष्कळ दिसतात, परंतु त्यांची कारणें मोजकीं आहेत: उष्णता, वेळ, दाब, ओल, हालचाल आणि कापड. सर्वच छाप सारखी फिकी असेल, तर उष्णता किंवा वेळ अपुरा समजावा. यंत्रावरचा आंकडा व पाटीची खरी उष्णता यांत पुष्कळदां अंतर असतें. ठराविक जागींच फिकी असेल, तर दाब पाहावा किंवा पाटीचा तेवढा भाग थंड आहे कीं काय, तें मोजावें. काळा रंग तपकिरी दिसूं लागला, तर बहुधा भाजणी अधिक झाली. हिरवट दिसला, तर बहुधा कमी झाली. चित्राच्या कडेस दुसरी अंधुक सावली पडली, तर कागद हलला आहे. तो उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीनें बांधावा, पाटी हलकेच उचलावी, आणि कागद घासूं न देतां एका झटक्यांत काढावा. कागदाच्या कडांची चौकट कापडावर उमटली, तर दाब थोडा कमी करावा आणि कागदाच्या कडा कातरीनें न कापतां हातानें फाडाव्या.

आपल्याकडे पावसाळ्यांत ओलीचा दोष विशेष. पालख्या निघतात ते दिवस नेमके दमट हवेचे. आणि दिंडीच्या सदऱ्यांची घाईहि तेव्हांच. दमट कागदांतली वाफ रंगास ढकलते व कडा पसरट होतात. म्हणून कागद बंद पिशवींत ठेवावे, आणि छापण्यापूर्वीं सदरा तीन-चार सेकंद नुसता दाबून त्याची ओल घालवावी. नाशिक रस्त्यावरची धूळ व कापडाचे तंतु यांचे निळसर ठिपके उमटतात. म्हणून प्रत्येक सदरा आधीं चिकट लाटण्यानें टिपावा. सदऱ्याच्या आंत आणि पाटीखालीं कोरा कागद दर वेळीं नवा घालावा, नाहींतर पहिल्या सदऱ्याचा रंग दुसऱ्याच्या पाठीवर भूत होऊन उभा राहतो.

सुती कापडावर हा रंग टिकत नाहीं. मिश्र कापडावर पॉलिएस्टरच्या प्रमाणांतच उठतो. आणि शाई पारदर्शक असल्यामुळें गडद कापडावर तो दिसत नाहीं. तीं कामें या पद्धतीनें घेऊंच नयेत. घरांत हें यंत्र असेल, तर त्यास स्वतंत्र, जाड तारेची जोडणी असावी, खिडकी उघडी असावी, आणि मुलांचा हात पाटीपर्यंत पोंचूं नये.

पुतणीनें शनिवारीं १७ नवे सदरे स्वतःच्या पैशानें आणले. त्या कामांत तिला नफा उरला नाहीं. परंतु रविवारीं सकाळीं ४२ सदरे वेळेवर गेले, आणि व्यापाऱ्याशीं होणारें भांडण टळलें. आतां तिच्या यंत्राजवळ एक वही टांगलेली असते. प्रत्येक कापडाची उष्णता, वेळ व दाब ती तींत लिहिते, नव्या मालाचा पहिला नमुना जपून ठेविते, आणि कांहीं बिघडलें तर एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहते. त्या शुक्रवारीं तिनें वेळ व उष्णता दोन्ही बदललीं, आणि दोष मात्र तिसऱ्याच ठिकाणीं होता.

श्रोतेहो, यंत्र रुसत नाहीं आणि कापड वैर धरीत नाहीं. दोष आपली खूण कापडावरच उमटवून ठेवीत असतो. उष्णता वाढविण्यापूर्वीं ती खूण वाचावयाची, एवढेंच.