मुक्या सोबत्याचे कान

घरी कुत्रे पाळणाऱ्या माणसाचे एक ठरलेले वाक्य असते : “याला सगळे कळते, फक्त बोलता येत नाही.” हे वाक्य प्रेमापोटी निघते. पण ते कितपत खरे, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे शंभराहून अधिक वर्षे उभा आहे. आणि त्याचा पहिला कसून शोध घेतला गेला तो एका घोड्याच्या निमित्ताने.

बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे निवृत्त गणितशिक्षक राहत. त्यांनी आपल्या हान्स या घोड्याला शाळकरी मुलासारखे शिकविले होते. बेरीज विचारावी आणि हान्सने टापा आपटून अचूक उत्तर द्यावे, हे पाहण्यास लोक लोटत. १९०४ साली नेमलेल्या समितीला त्यात कसलीही लबाडी आढळली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने, ज्याला उत्तर ठाऊक नाही अशा माणसाला प्रश्न विचारावयास लाविले. हान्स चुकू लागला. विचारणारा दृष्टीआड केला, तेव्हाही तो चुकला. योग्य संख्येवर टाप पडताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होई, आणि तेवढ्यावरून घोडा थांबे. फॉन ओस्टेन यांना हा निष्कर्ष काही पटला नाही. १९०९ साली ते वारले. पण म्हणून हान्स मूर्ख ठरतो काय? जी हालचाल करणाऱ्यालाही ठाऊक नव्हती, ती त्याने अचूक हेरली होती!

तेव्हापासून परीक्षक सावध झाले. जर्मनीतील रिको या कुत्र्याला दोनशेहून अधिक वस्तूंची नावे येत. त्याची परीक्षा घेताना वस्तू शेजारच्या खोलीत ठेविल्या, म्हणजे धन्याच्या नजरेचा आधार मिळू नये. तरीही त्याने ४० पैकी ३७ वेळा सांगितलेलीच वस्तू आणली. हा वृत्तांत २००४ साली प्रसिद्ध झाला. असे कुत्रे विरळाच. पण शब्दही कळू शकतो, एवढे त्याने सिद्ध केले.

मग शब्द मोठा की स्वर? बुडापेस्टच्या संशोधकांनी कुत्र्यांना यंत्रात निश्चल पडून राहण्यास शिकविले आणि त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. २०१६ साली त्यांनी सांगितले की, कौतुकाचा शब्द कोरड्या स्वरात उच्चारून किंवा भलताच शब्द लाडिक स्वरात उच्चारून मेंदूतील आनंदाचे केंद्र तितकेसे जागे होत नाही. शब्द आणि स्वर दोन्ही कौतुकाचे असले, तरच ते खऱ्या अर्थाने जागे होते.

वर्तमानपत्रातून डोके वर न काढता “शाबास” म्हणणाऱ्या धन्याने हे ध्यानी ठेवावे. मुक्या सोबत्याला सगळे कळत नसेल. पण पोकळ शाबासकी त्याच्यापर्यंत पोचत नाही.