गुलमर्गला जायचं, पण कधी?

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



गेले चार महिने आपल्या ग्रुपवर एकच विषय आहे. पंचेचाळिशी आली, आता सगळ्यांनी मिळून एकदा बर्फात जायचं. ठिकाण गुलमर्ग ठरलं. कोण कुणाच्या खोलीत घोरणार, हेही ठरलं. तारीख मात्र कुणीतरी ‘जानेवारीचा पहिला आठवडा, तिकिटं स्वस्त आहेत’ म्हणून टाकून दिली. त्यावर मी ‘नको’ लिहिलं, आणि तेव्हापासून ग्रुपवर माझं नाव ‘हवामान खातं’ पडलं. आज संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत, ती या ‘नको’चा खुलासा करायला. एप्रिल २०२५नंतर काश्मीरला जायचं की नाही, हे ज्याने त्याने घरी ठरवावं. मी फक्त बर्फाबद्दल बोलणार आहे.

कंपनीच्या कामासाठी मी तीन वर्षं म्युनिकला होते, तिथे स्कीइंग शिकले. चिपळूणच्या मुलीने स्कीइंग शिकणं म्हणजे काय, ते माझ्या गुडघ्यांना विचारा. भारतात परतल्यावर वाटलं, आपल्या देशात गुलमर्ग आहे, आईला एकदा बर्फ दाखवू. जानेवारी २०२४मध्ये आईला आणि मुलीला घेऊन गेले. टंगमर्गला रिवाजाप्रमाणे भाड्याने गमबूट आणि फरचे कोट घेतले. वर पोचलो तर सगळं गवत तपकिरी! स्लेजवाले स्लेज टेकवून उन्हात बसलेले. आईने तो जाडजूड कोट घालून धुळीत फोटो काढला आणि म्हणाली, “एवढ्या लांब कशाला आणलंस? उन्हाळ्यात आपला माळ असाच दिसतो की.” हॉटेलचे पैसे परत मिळणार नव्हतेच.

माझी चूक साधी होती. थंडी म्हणजे बर्फ, असं मी धरून चालले होते. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस ‘चिल्लई कलाँ’, म्हणजे सगळ्यात कडक थंडीचे. पण नुसत्या थंडीने बर्फ पडत नाही, त्याला ओलावा लागतो. तो घेऊन येतात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ. भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, नववीत तुम्ही हे नकाशावर हात फिरवून शिकवलं होतंत आणि मी मागच्या बाकावर फुल्ली-गोळा खेळत होते. त्याची फी मी तीस वर्षांनी भरली. त्या वर्षी हे विक्षोभ आलेच नाहीत. रात्री गोठवणाऱ्या आणि आकाश निरभ्र. बर्फ पडला तो जानेवारी संपता संपता, आम्ही घरी परतल्यावर.

ते एकच वर्ष तसं होतं, असंही नाही. २०२५मध्ये तिथल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा २२ फेब्रुवारीला सुरू व्हायच्या होत्या. बर्फ नाही म्हणून त्या ९ मार्चवर ढकलाव्या लागल्या. सरकारच्या स्पर्धेचं असं होतं, तर आपल्या बॅचची काय कथा? म्हणून माझं म्हणणं आहे की फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा धरू या, आणि परत मिळण्यासारखीच बुकिंगं करू या. थोडे पैसे जास्त जातील. विक्षोभ येतोय की नाही, हे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळतं. त्याआधी कुणी छातीठोकपणे तारीख सांगत असेल, तर तो तिकिटं विकत असतो.

आता दुसरी गोष्ट. ही मी आजवर घरीसुद्धा नीट सांगितलेली नाही.

मार्च २०२५च्या पहिल्या आठवड्यात मी, नवरा आणि ऑफिसातले दोघं गुलमर्गला गेलो. या वेळी अभ्यास पक्का होता. फेब्रुवारीच्या अखेरीस तिथे जोरदार बर्फ पडला होता. माझ्या एक्सेलमध्ये रोजचे सेंटिमीटर, तापमान, वारा, सगळं. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटवर गेलो. साधारण ३,९५० मीटर उंची, निळं आकाश, आणि आखलेल्या वाटेच्या पलीकडे एक उतार, ज्यावर एकही रेघ उमटलेली नव्हती. स्कीइंग करणाऱ्याला असा उतार दिसला की काय होतं, ते कसं सांगू? हापूसची पहिली पेटी उघडल्यासारखं.

आमचा गाईड तिथलाच, चाळिशीतला. त्याने फावडं काढलं आणि कडेच्या सौम्य उतारावर, कमरेएवढा खड्डा खणला. मला म्हणाला, हात लावून बघा. वरचा थर घट्ट, मूठ रुतेना. पण तळाशी बोटं घातली तर बर्फ साखरेसारखा ओघळला. दोन महिने बर्फ थोडा आणि रात्री थंड, निरभ्र. अशा वेळी जमिनीलगतचा पातळ बर्फ चिकटून राहत नाही, त्याचे सुटे सुटे दाणे होतात. त्यावर आठवडाभरात नवा, जड बर्फ येऊन बसलेला. वाळूवर चिरे रचल्यासारखं. वर वाऱ्याने एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला आणून टाकला, की सेंटिमीटरचे आकडे काहीच सांगत नाहीत.

आपण चिपळूणकरांना हे समजावून सांगायला नको. पाऊस तेवढाच पडतो, पण भरती कधी आहे, वरून पाणी किती येतंय, जमीन आधीच किती भिजली आहे, यावर वाशिष्ठी बाजारात येणार की पात्रात राहणार ते ठरतं. २०२१च्या जुलैनंतर हे मला कळायला हवं होतं. माझ्या एक्सेलमध्ये फक्त पाऊस होता.

गाईड म्हणाला, “मॅडम, आज नहीं.”

मी चिडले. पैसे दिलेत म्हणाले, म्युनिकचा अनुभव सांगितला. अंश मोजायचं साधन काढून उतार किती तेही दाखवलं. तो निघाला ३५ अंश. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरच होतात, म्हणजे माझाच पुरावा माझ्याविरुद्ध. तरी वाद घातला. त्याने स्की खांद्यावर टाकली आणि गोंडोलाकडे चालायला लागला. नवरा त्याच्या मागे गेला, मग आम्ही.

त्या दिवशी तो उतार कोसळला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे त्याने आम्हाला वाचवलं, असं मी सिद्ध करू शकत नाही, आणि इंजिनिअर माणसाला हे फार टोचतं. संध्याकाळी चहा पिताना मी त्याला म्हणाले, तुझं चुकलं असेल तर? तो हसला. “ग़लत हूँ तो भी आप चाय पी रही हैं, सही हूँ तो भी.” मी त्याची माफी मागितली, पण ती शेवटच्या दिवशी, निघता निघता. आमच्या ऑफिसात टेस्टिंगची एक मुलगी शेवटच्या क्षणी रिलीज अडवते. हल्ली मी तिच्याशी वाद कमी घालते. कमी म्हणाले, बंद नाही.

याच डोंगरावर फेब्रुवारी २०२३मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४मध्ये एक रशियन स्कीअर हिमस्खलनात गेले. गाडलेल्या माणसाला दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर तो बहुधा वाचतो. त्यानंतर आशा झपाट्याने कमी होते. आणि अशा बहुतेक अपघातांत तो उतार सुटतो तो त्यावर गेलेल्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच वजनाने.

घाबरू नका. आपण जिथे पडत-झडत शिकणार आहोत, तो गुलमर्गच्या मैदानातला भाग सौम्य उताराचा आहे, तिथे फार तर अब्रू जाते. गोंडोलाचं मात्र ऐका. २,६५० मीटरवरून काही मिनिटांत ३,९५०वर नेऊन सोडतात. ज्यांना बीपी किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा आणि पहिल्या टप्प्यावर उतरून चहा घ्या, मीही बसेन सोबत. वारा वाढला तर दुसरा टप्पा बंद होतो. तेव्हा तिकीट खिडकीवर भांडायचं नाही, हे आपल्या बॅचच्या तिघांना उद्देशून आहे, नावं घेत नाही. बर्फात टंगमर्गच्या वर साध्या गाड्या सोडत नाहीत, साखळीची किंवा फोर बाय फोर गाडी करावी लागेल. श्रीनगरची विमानं बर्फात रद्द होतात, म्हणून परतीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवायचा. आणि गाईड ‘नाही’ म्हणाला की त्याला दुसऱ्यांदा विचारायचं नाही. ज्याला हे पटत नसेल त्याने महाबळेश्वरला जावं.

कागद आणि पेन बाईंजवळच्या टेबलावर ठेवलं आहे. फेब्रुवारीवाल्यांनी डावीकडे नाव लिहा, जानेवारीवाल्यांनी उजवीकडे. बाईंनी स्वतःचं नाव मघाशीच डावीकडे लिहिलंय, ते मी पाहिलं.