छन्ना आणि त्याचे पाणी



मी वर्गावर होतो, त्या वेळची एक चूक आज आपणांपुढे कबूल करतो. आरोग्याच्या पाठास मी मुलांसमोर दूध उकळले, लिंबू पिळून फाडले, छन्ना मुलांना वाटला आणि उरलेले पाणी अंगणात ओतले. एका मुलाने विचारले, "गुरुजी, त्या पाण्यात काहीच नव्हते का?" मला उत्तर देता आले नाही.

ते उत्तर असे आहे. दुधातील प्रथिनांचा सुमारे चार-पंचमांश भाग केसीन होय. आंबट घालताच ते गोठते आणि स्निग्धांशही आपल्यात धरून ठेवते. तोच छन्ना, दाबून घट्ट केला म्हणजे पनीर. 100 ग्रॅम पनीरमध्ये सुमारे 18 ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय हाडे व दात यांस हवे असणारे कॅल्शियमही असते. परंतु दुधातील बहुतेक साखर, थोडी प्रथिने आणि पुष्कळसे रिबोफ्लेविन, म्हणजे 'ब-2' जीवनसत्त्व, पाण्यातच राहते. त्या पाण्याची हिरवट-पिवळी झाक या जीवनसत्त्वाचीच असते. ज्या मुलांच्या ओठांचे कोपरे चिरलेले दिसतात, त्यांच्यापैकी काहींच्या आहारात याचीच उणीव असते. म्हणून ते पाणी फेकू नये. त्यात भाकरीचे पीठ मळावे किंवा ते आमटीत घालावे.

दोन गोष्टी मात्र ध्यानात असाव्यात. ताजे दूध मुद्दाम फाडणे निराळे आणि उन्हाने आपोआप नासलेले दूध निराळे. नासलेले दूध मुलांच्या पोटी जाता कामा नये. छन्ना स्वच्छ फडक्यात गाळावा आणि त्याच दिवशी संपवावा. दुसरे असे की, पनीर हे सर्वगुणसंपन्न अन्न नव्हे. त्यात लोह नाममात्रच असते; त्यासाठी पालेभाज्या व कडधान्ये हवीतच. ज्या घरी दुभते नाही, तेथील मुलास आपले अन्न हलके आहे असे वाटू देऊ नका. 100 ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीतही वीस ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात, आणि डाळ-भाकरी एकमेकींची उणीव भरून काढतात.

हा प्रयोग आपण आपल्या वर्गात अवश्य करून दाखवावा. मात्र पाणी ओतून देण्यापूर्वी त्या मुलाचा प्रश्न आठवावा, एवढीच माझी विनंती आहे.