निकाल समजावणारा माणूस



समाजमाध्यमे, जनसंपर्क आणि क्रीडासंवाद असे तीन विषय आपण, पत्रकारिता व जनसंपर्क शिकवणाऱ्या-शिकणाऱ्यांनी, या परिषदेसाठी निवडले आहेत. मी मात्र बोलणार आहे ते मुख्यतः एका कुस्तीबद्दल, कारण हे तिन्ही विषय तिच्यात एकमेकांत गुंतलेले आहेत.

१४ जानेवारी २०२३. पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा. माती विभागाच्या अंतिम लढतीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड समोरासमोर होते. महेंद्रने बाहेरची टांग लावली, सिकंदर खाली गेला आणि पंचांनी महेंद्रला चार गुण दिले. महेंद्र जिंकला, पुढे किताबाच्या लढतीत शिवराज राक्षेने त्याला चितपट करून गदा पटकावली. स्पर्धा संपली, पण ती टांग मोबाइलवर पुढे कित्येक दिवस गाजत राहिली. काही सेकंदांची फीत व्हॉट्सअॅपवरून गावोगाव गेली. लोक ती थांबवून थांबवून पाहत होते आणि ज्याने त्याने आपापला निकाल लावला होता.

वाद नेमका कशाचा होता? प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा मिळवला, तर दोन गुण. पण त्याच झटक्यात त्याची पाठ खाली वळली, पाठीचा जमिनीशी होणारा कोन नव्वद अंशांपेक्षा कमी झाला, तर ती धोकादायक स्थिती आणि तिचे चार गुण. सिकंदर नुसता कुशीवर पडला की त्याची पाठ वळली, एवढाच प्रश्न. तालमीतला वस्ताद दोन पोरांना समोर उभे करून पाच मिनिटांत समजावून देईल, असा. चार गुण बरोबर होते की नाही, याचा निवाडा मी करणार नाही. ते जाणकारांनी करावे. मला अस्वस्थ करते ते हे, की वाद घालणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा नियम कुणी सांगितलाच नव्हता. खुलासा आला, पण तोवर मते पक्की झाली होती. पंचांना धमकीचा फोन गेला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत पोहोचले. वादाला धर्माचा रंग चढवणारेही पुढे सरसावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरने शिवराजला काही सेकंदांत चितपट करून महाराष्ट्र केसरी जिंकली, हे त्याने आखाड्यात दिलेले उत्तर. पंचाला मात्र असे उत्तर देण्याची संधी कधीच मिळत नाही.

दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पुन्हा तोच प्रकार झाला. दोन्ही खांदे टेकले की नाही यावरून शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर बंदी आली. लाथेची फीत घराघरात पोहोचली. चितपटीचा नियम किती घरांत पोहोचला?

आपल्याकडे क्रीडा संघटनेचा जनसंपर्क म्हणजे उद्घाटनाची बातमी, पाहुण्यांचा फोटो आणि प्रायोजकांची नावे. निर्णय का दिला, हे लोकांना सांगणे हासुद्धा जनसंपर्कच आहे, ही जाणीवच रुजलेली नाही. क्रिकेटमध्ये तिसरा पंच काय तपासतो आहे, हे घरबसल्या ऐकू येते. २०२३ च्या महिला फुटबॉल विश्वचषकात, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये, चित्रफीत पाहून घेतलेला निर्णय पंच स्वतः ध्वनिक्षेपकावर सांगत होत्या. प्रेक्षक नाराज झाले असतील, पण निर्णय कशावर झाला, हे त्यांना तिथल्या तिथे कळले.

आणि ही गोष्ट आपल्याला परकी नाही! आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांनी मराठी माणसाला क्रिकेट मराठीतून दाखवले. कुस्तीच्या मैदानात शंकरराव पुजारी निवेदनाला उभे राहिले, की पैलवानाचे गाव, त्याचा वस्ताद, लागलेला डाव आणि त्यावरची तोड, सगळे त्यांच्या बोलण्यात येई. लांब बसलेल्या म्हाताऱ्यालाही कुस्ती कळत असे. क्रीडासंवादाचे सर्वांत मोठे काम हेच आहे, असे माझे ठाम मत आहे. आपण प्रतिमा घडवायला शिकवतो. खेळ उलगडून सांगायला फार कमी शिकवतो.

पूर्वी सगळे छान होते आणि समाजमाध्यमांनी बिघडवले, असे मात्र मी म्हणणार नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. कराड परिसराने त्यांची बैलगाड्यांतून मिरवणूक काढली, पण देशाने त्यांना पुढे जवळजवळ विसरूनच टाकले. १९८४ मध्ये ते गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. खाशाबांच्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ उजाडावे लागले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवले, तेव्हा त्याचे नाव त्याच घटकेला राज्यभर झाले. ही या माध्यमांची देणगी आहे आणि ती मोलाची आहे.

पण खेळाडूला तिची किंमतही मोजावी लागते. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत भारतीय क्रिकेट संघ पाकिस्तानकडून हरल्यावर गोलंदाज मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून शिव्या दिल्या गेल्या. कर्णधार विराट कोहलीने पत्रकार परिषदेत या शिवीगाळीचा कडक शब्दांत धिक्कार केला, तर त्याच्या तान्ह्या मुलीला धमक्या आल्या. कोहली बोलला, ते जनसंपर्काचे उत्तम उदाहरण म्हणून मी वर्गात सांगतो. त्याने विषयाला बगल दिली नाही आणि आपल्या माणसाला एकटे सोडले नाही.

तसेच क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्जचे. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद १२७ धावा केल्या आणि भारत महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत गेला. नंतर पत्रकारांसमोर ती मोकळेपणाने बोलली, की या स्पर्धेत चिंतेने आपल्याला घेरले होते, आपण आईला फोन करून रडत होतो. आज खेळाडूंच्या नावावरचा बराचसा मजकूर व्यवस्थापक लिहितात. त्यांच्यापैकी किती जणांनी हे वाक्य ठेवले असते? आपल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या त्या खुर्चीत बसतील. खेळाडूच्या तोंडचे खरे वाक्य न पुसण्याचे धैर्य त्यांच्यात यावे, ही जबाबदारी आपली आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. क्रीडा संघटनांनी प्रत्येक मोठ्या स्पर्धेत नियम जाणणारा आणि मराठीत नीट बोलू शकणारा माणूस नेमावा. वादग्रस्त निर्णयाचे कारण त्याने ध्वनिक्षेपकावर लगेच सांगावे आणि त्या लढतीची पूर्ण चित्रफीत संघटनेने स्वतः, सर्वांआधी प्रसिद्ध करावी. विद्यापीठांतल्या आपल्या विभागांनी असे लोक तयार करावेत. त्यासाठी विद्यार्थ्यांना स्टुडिओइतकेच तालमीत आणि मैदानावर पाठवा, गुणलेखकाशेजारी बसवा, पंचांच्या शिबिराला न्या. पुढच्या महाराष्ट्र केसरीपूर्वी निदान एका विभागाने हे काम हाती घ्यावे, अशी या व्यासपीठावरून आपणा सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे.