शादीचा खर्च आणि शाळेची फी
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर शादीचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु मी वर्गशिक्षक आहे, आणि फीची वही माझ्याकडे असते. दरवर्षी जून महिन्यात एक वाक्य मला हमखास ऐकावे लागते, "सर, घरात नुकतीच शादी झाली, फीचे जरा थांबा." हे सांगणारा बाप खोटे बोलत नसतो. त्याच्या मोठ्या मुलीच्या शादीत पाचशे माणसे जेवून गेलेली असतात, आणि धाकट्याच्या वह्या-पुस्तकांना घरात पैसा नसतो. म्हणून हा विषय मला शाळेचाच वाटतो.

दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवण्याआधी माझ्या घरचे सांगतो. २००५ साली माझ्या आपाची शादी झाली. मी तेव्हा अकरावीत होतो. आपा बारावी पास झाली होती आणि तिला डी. एड. करायचे होते. त्यासाठी अब्बांनी पोस्टात थोडी रक्कम ठेवली होती. स्थळ चांगले आले, शादी ठरली आणि मग घराचा ताबा जणू पाहुण्यांच्या यादीने घेतला. मुंबईचे नातेवाईक आले पाहिजेत, चाचांच्या सासरचे राहता कामा नयेत, ज्यांच्याकडे आपण जेवलो त्यांना बोलावलेच पाहिजे. यादी सातशेवर गेली. पोस्टातली ठेव मोडली, कलमांची बाग गहाण पडली, उरलेले पतपेढीतून व्याजाने काढले. इतके करून शेवटच्या पंगतीतले एक बुजुर्ग हात धुताना म्हणाले, "सगळे ठीक, पण मटण जरा कमी पडले." ते वाक्य अब्बा कधी विसरले नाहीत. बाग सोडवायला आम्हांला सहा वर्षे लागली. आपाचे डी. एड. राहून गेले ते राहूनच गेले. मी दोन वर्षे दुकानात वजनकाटा धरला आणि मग बी. ए.ला बसलो.

पालकहो, यात दोष कोणाचा? अब्बा उधळे नव्हते. आयुष्यात कधी त्यांनी स्वतःसाठी नवे घड्याळ घेतले नाही. चूक एवढीच झाली, की आम्ही आधी यादी केली आणि मग पैसा शोधायला निघालो.

२०१९ च्या फेब्रुवारीत धाकट्या बहिणीची शादी होती, तेव्हा आम्ही उलट केले. आधी रक्कम ठरवली, सव्वा लाख. ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्याखाली अम्मीची, माझी आणि जिची शादी त्या बहिणीचीही सही घेतली. मग वराच्या वडिलांना भेटायला मी स्वतः गेलो. मनात धाकधूक होती. मी म्हणालो, "चाचा, बारातीत पंचवीस माणसे आणा, त्यांची खातिर आम्ही जीव लावून करू. गावजेवण मात्र आमच्याने होणार नाही." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बेटा, माझ्याही दोन मुली आहेत. बरे झाले तू तोंड उघडलेस." पुष्कळदा दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या भीतीनेच खर्च करीत असतात, हे मला त्या दिवशी कळले.

निकाह जोहरच्या नमाजनंतर मशिदीत झाला. जमातीतल्या सगळ्यांना खजूर आणि सरबत दिले. घरी जेवायला बाराती धरून एकशे तीस माणसे होती. बावर्चीने एक किलो तांदळाला सव्वा किलो मटण आणि दहा माणसे, असा हिशोब सांगितला. आम्ही तेरा किलोंऐवजी पंधरा किलो तांदूळ घेतला. (अब्बांची आठवण होती ना!) जेवणाचा सगळा खर्च चौतीस हजारांत बसला. अम्मीच्या जुन्या बांगड्या मोडून नवा दागिना घडवला, त्यामुळे फक्त घडणावळ पडली.

आणि शोभेत कुठे उणे पडले, असे आलेल्यांपैकी कोणी म्हणाले नाही. हॉल नव्हता, अंगणात मांडव होता. मोहल्ल्यातल्या मुलांनी नारळाच्या झावळ्या विणून त्याच्या बाजू बंद केल्या, खांबांना आंब्याचे डहाळे बांधले. सुरंगीचे दिवस होते. पहाटे गोळा केलेल्या कळ्यांचे वळेसर चाचीने आणि तिच्या सुनांनी ओवले. त्या वासाने सगळे अंगण भरून गेले होते. मेंदी मामेबहिणींनी काढली. हळदीच्या रात्री डीजे नव्हता, म्हणून म्हाताऱ्या बायकांना बऱ्याच वर्षांनी गायला मिळाले. एक आजी तर पहाटेपर्यंत उठायला तयार नव्हत्या! आपल्या या शादीच्या गाण्यांची वही कोणी विद्यार्थिनीने करावी, असे मला फार वाटते. पण तो विषय वेगळा.

आता मेहरविषयी. हे मला जरा कडक बोलावे लागेल. हॉलला दोन लाख, व्हिडिओवाल्याला चाळीस हजार आणि निकाहनाम्यात मेहर अकराशे रुपये, तेही उधार, असे निकाह मी डोळ्यांनी पाहिले आहेत. वस्तुतः या साऱ्या खर्चात मुलीच्या हक्काची रक्कम ती एकच. सीरतमध्ये आपण काय वाचतो? हजरत अलींजवळ द्यायला काही नव्हते, तेव्हा त्यांचे चिलखत मेहर म्हणून पुढे आले. बीबी फातिमांसोबत गेले काय, तर एक चादर, एक पाण्याची मशक आणि गवत भरलेली चामड्याची उशी. खैबरहून परतताना हजरत सफिय्या यांच्या शादीचा वलीमा झाला, त्यात ना रोटी होती ना गोश्त. खजूर, सुकवलेले दही आणि तूप चामड्याच्या दस्तरखानावर मांडले गेले. आणि मला शिक्षक म्हणून सर्वांत प्रिय असलेली हकीगत त्या गरीब माणसाची, ज्याला लोखंडाची अंगठीसुद्धा मिळाली नाही. त्याला कुरआन किती येते हे विचारले गेले आणि त्या ज्ञानावर त्याचा निकाह लावून दिला गेला. वलीमा वराकडचा, ऐपतीप्रमाणे. मुलीच्या बापाने गावाला जेवू घालावे अशी शरीअतची सक्ती नाही. ती प्रथा आपण लावून घेतली आहे.

कायद्याचेही दोन शब्द. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे. त्यात मेहर हुंड्यात धरलेला नाही; पण शादीच्या निमित्ताने मोटारसायकल, फर्निचर, रोकड मागणे हा गुन्हा आहे, मग त्याला जहेज म्हणा नाहीतर "खुशीने दिलेले" म्हणा. घेणाऱ्याप्रमाणे देणाराही दोषी धरला जातो. न मागता जे दिले जाते त्याची यादी करून ठेवावी, असे १९८५ चे नियम सांगतात. ही यादी कोणी करीत नाही. करा. पुढे वाईट वेळ आलीच, तर मुलीच्या हाती तो कागद असेल.

माझ्या दहावीच्या वर्गाला मी चक्रवाढ व्याज शिकवताना हे गणित घालतो. तीन लाख रुपये, दरसाल चौदा टक्के, मासिक हप्त्याने पाच वर्षांत फेड. हप्ता सुमारे ६,९८० रुपये येतो आणि एकूण फेड चार लाख अठरा हजारांच्या वर जाते. म्हणजे एक लाख अठरा हजार निव्वळ व्याज. एका मुलाने हात वर करून विचारले, "सर, व्याज तर आपल्यात हराम आहे ना? मग शादीला कसे चालते?" मी फळ्याकडे वळलो. त्याला काय उत्तर द्यायचे ते पालकांनी मला सांगावे.

मुलग्यांनो, तुम्हांलाही एक सांगतो. आज तुम्ही पंधरा-सोळा वर्षांचे आहात. दहा वर्षांनी तुमच्या घरी बोलणी होतील, तेव्हा वडिलधाऱ्यांच्या मागे मान खाली घालून बसू नका. "मला काही नको, आणि मेहर मी माझ्या कमाईतून नगद देईन," हे वाक्य तुमच्याच तोंडून आले पाहिजे. ते मुलीच्या बापाला बोलता येत नाही.

धाकटीच्या शादीचा एकूण खर्च एक लाख एकोणीस हजार झाला. सहा हजार उरले. ते बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या फीत गेले. सासरहून येऊन तिने परीक्षा दिली, आणि पेपरच्या दिवशी तिला मोटारसायकलवरून आणून सोडणारा तिचा नवरा होता. मोटारसायकल त्याच्या स्वतःच्या पगाराची.

ती हिशोबाची वही मी जपून ठेवली आहे. मांडवापासून मिठापर्यंत सगळे त्यात लिहिलेले आहे. ज्यांच्या घरी यंदा शादी आहे त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षक खोलीत यावे. आपण शेजारी कोरी वही घेऊन बसू. येताना पाहुण्यांची यादी आणू नका. किती पैसे आहेत तेवढे खरे सांगा.