पडद्यावरचं चिलट



घाटकोपरला आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं जातात. सांताक्रूझच्या धावपट्टीवर उतरायला निघालेलं विमान इथवर इतकं खाली आलेलं असतं, की फोनवर बोलणारा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग पुढचं वाक्य सुरू करतो. मोठ्यांना त्याचं काही वाटेनासं झालंय. माझा नातू मात्र अजून खिडकीकडे धावतो. म्हणून गेल्या सुटीत त्याला मी ‘हॉट शॉट्स’ दाखवला. १९९१ साली आलेला हा जिम अब्राहम्स यांचा विडंबनपट, ‘टॉप गन’ची यथेच्छ फिरकी घेणारा. दोघंही पोट धरून हसत होतो. मधेच तो म्हणाला, “आजोबा, ही विमानं खेळण्यातली आहेत ना? केवढीशी आहेत!”

मी चित्रपट तिथेच थांबवला. कारण ती विमानं खरी होती. ती ‘नॅट’ होती.

नॅट म्हणजे चिलट. टेडी पेटर या इंग्रज अभियंत्यानं फॉलंड कंपनीसाठी हे विमान आखलं. लढाऊ विमानं दर वर्षी अधिक जड आणि अधिक महाग होत चालली होती, तेव्हा हा माणूस उलट्या वाटेनं गेला. लहान, हलकं, स्वस्त विमान. १९५५ साली ते प्रथम उडालं. त्याची लांबी तिसाएक फूट, म्हणजे बेस्टच्या मोठ्या बसपेक्षाही आखूड. ब्रिटिश हवाईदलानं त्याची दोन आसनांची आवृत्ती प्रशिक्षणासाठी घेतली. ‘रेड ॲरोज’ या त्यांच्या प्रसिद्ध कसरत-पथकानं १९६५पासून १९७९पर्यंत तीच वापरली. पुढे ती निवृत्त झाली, विक्रीला निघाली आणि काही अमेरिकेतल्या हौशी मालकांकडे पोचली.

‘टॉप गन’साठी अमेरिकी नौदलानं आपली विमानवाहू नौका आणि अजस्र एफ-१४ विमानं वापरू दिली होती. ‘हॉट शॉट्स’च्या शूर वीरांच्या वाट्याला आली ही चिलटं. आता गंमत अशी, की नॅट काही नौकेवर उतरणारं विमान नव्हे. मग कॅलिफोर्नियात समुद्रालगतच्या कड्यावर नौकेचा डेक उभारला गेला. कॅमेरा असा लावायचा, की डेकच्या कडेपलीकडे थेट पाणी दिसावं आणि जमिनीचा मागमूस लागू नये. आपल्यापैकी ज्यांनी कुलाब्याकडे जाऊन ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेच्या डेकवर पाऊल ठेवलं असेल, त्यांना ही फसवणूक किती बेमालूम आहे ते कळेल. मी ठेवलं होतं, आणि तरीही फसलो.

पण मी चित्रपट थांबवला तो हे सांगायला नव्हे.

हेच नॅट, एका आसनाचं, आपल्या हवाईदलानं लढाईसाठी घेतलं. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरोनॉटिक्सनं ते इथे बांधलं. भारत-पाक युद्धात, ३ सप्टेंबर १९६५ला, स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी नॅटमधून पाकिस्तानी सेबर विमानावर नेम धरला. आपल्या हवाईदलानं त्या युद्धातलं पहिलं सेबर त्यांच्या नावावर लिहिलं. त्याच महिन्यात त्यांचे भाऊ डेन्झिल यांनीही नॅटमधूनच सेबर पाडलं. दोघा भावांना वीरचक्र मिळालं. या विमानाच्या तोफा ऐन वेळी अडकायच्या, हेही खरं. तरी आकारच एवढा लहान, की शत्रूला ते दिसेपर्यंत ते अंगावर आलेलं असे.

डिसेंबर १९७१मध्ये मी शाळकरी मुलगा होतो. पुन्हा युद्ध पेटलं होतं, मुंबईत ब्लॅकआऊट असे. वडिलांनी खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवला होता. एका कोपऱ्यात खळ कमी पडली, तिथून उजेडाची बारीक रेघ बाहेर जायची. आई रोज संध्याकाळी तिथे पदराची चिंधी कोंबायची. त्याच महिन्यात, १४ तारखेच्या सकाळी, श्रीनगरच्या विमानतळावर सहा सेबर चालून आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी आपलं नॅट हवेत उचललं आणि ते त्यांना एकटे भिडले. ते परतले नाहीत. परमवीरचक्र मिळालेले हवाईदलातले ते आजवरचे एकमेव वीर.

नातवाला हे सांगताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण स्वयंपाकघरातून सूनबाई डोकावून गेली.

एवढं सांगूनही मला त्या विनोदी चित्रपटाचा राग येत नाही. अब्राहम्स यांना विडंबनाचं मर्म कळलेलं होतं. त्याआधी १९८०मध्ये झुकर बंधूंबरोबर त्यांनी ‘एअरप्लेन’ केला. १९५७च्या ‘झीरो अवर’ या गंभीर चित्रपटाचे हक्क रीतसर विकत घेऊन त्याचीच कथा त्यांनी वापरली, आणि नट निवडले तेही गंभीर भूमिकांत मुरलेले. त्यातलेच लॉइड ब्रिजेस इथे ॲडमिरल बेन्सन झालेत. लढाई-लढाईत एकेक अवयव गमावलेला हा गृहस्थ वाट्टेल ते बोलतो, पण चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. आपल्याकडे वगातला राजा असाच बसतो: हसायचं काम प्रेक्षकांचं, त्याचं नव्हे. आणि म्हणूनच विमानंही खरी लागतात. पुठ्ठ्याचं विमान उडालं असतं, तर सगळाच पोरखेळ झाला असता.

आपल्याकडे या आकाशाकडे गांभीर्यानं पाहणारा चित्रपट झाला तो १९८२चा ‘विजेता’. जुहूला पृथ्वी थिएटर उभारणाऱ्या शशी कपूर यांची निर्मिती, गोविंद निहलानी यांचं दिग्दर्शन, आणि पटकथा आपले कवी दिलीप चित्रे यांची. त्यात विमानं पुरवली खुद्द हवाईदलानं. तो पुढच्या रविवारी पाहायचं आमचं ठरलंय.

आणखी एक. नॅटमध्ये सुधारणा करून आपण ‘अजित’ नावाचं विमान केलं होतं. हवाईदलातून अजित निवृत्त झालं १९९१ साली, म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेत प्रेक्षक ‘हॉट शॉट्स’ पाहून हसत होते, त्याच वर्षी.

नातू थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्यानं रिमोट घेतला, आवाज पूर्ण बंद केला आणि चित्रपट मागे नेऊन विमानं उडतात तो प्रसंग पुन्हा लावला.