आधी माणूस, मग खुर्ची



पंजागुट्ट्याच्या निम्स रुग्णालयातले एक हाडांचे डॉक्टर एकदा डॉ. अब्दुल कलामांच्या हैदराबादेतल्या प्रयोगशाळेत गेले. क्षेपणास्त्रांसाठी बनवलेला संमिश्र पदार्थ त्यांनी हातात घेतला. इतका हलका! लगेच ते कलामांना आपल्या रुग्णालयात घेऊन गेले. तिथं लहान मुलं तीन किलोंहून जड कॅलिपर्स बांधून पाय ओढत होती. तीन आठवड्यांत प्रयोगशाळेनं ३०० ग्रॅमची कॅलिपर्स करून दिली. हा प्रसंग कलाम पुढे अनेकदा सांगत.

त्यात मला मोठं वाटतं ते डॉक्टरांचं वागणं. त्यांनी शास्त्रज्ञाला मुलांसमोर नेऊन उभं केलं. व्हीलचेअर घेताना आपण हेच करत नाही. आजोबांना अर्धांगवायू होतो, मुलगा कोटी भागातल्या दुकानात जातो आणि समोर दिसेल ती खुर्ची घेऊन येतो. आजोबा घरीच!

दुकानात बहुधा अठरा इंची बैठकीची खुर्ची असते. किडकिडीत आजी तिच्यात एका बाजूला कलते आणि हळूहळू पाठीचा कणाही तसाच वाकतो. बैठक कमरेखालच्या रुंदीपेक्षा जेमतेम इंचभर मोठी हवी. गुडघ्यामागं दोन बोटं मावतील एवढी जागा सुटावी. पाय ठेवायच्या पट्ट्या फार वर असल्या की मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार बसायच्या हाडांवर येतो. फार खाली असल्या तर माणूस पुढं घसरत राहतो. आणि घरचं दार मोजूनच निघा. अठरा इंची बैठकीची खुर्ची बाहेरून पंचवीस-सव्वीस इंच भरते. सुलतान बाजार, काचीगुड्याच्या जुन्या घरांत न्हाणीघराचं दार पुष्कळदा त्याहून अरुंद असतं.

खुर्चीतल्या गादीबद्दल मात्र मी हट्टानं बोलणार आहे. मणक्याला इजा होऊन ज्यांची कमरेखालची जाणीव गेली, त्यांना बसून बसून कातडी दुखावल्याचं कळतच नाही. चांगली गादी घ्याच, पण तेवढ्यावर विसंबू नका. दर अर्ध्या तासानं पुढं किंवा बाजूला झुकून भार हलवायचा आणि रोज रात्री आरशात कातडी पाहायची. लाल डाग दाबूनही पांढरा पडत नसेल, तर त्यावर बसायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली साध्या व्हीलचेअरविषयी मार्गदर्शिका काढली. खुर्ची अंगाला बसवून देणं, वापरायला शिकवणं आणि नंतर पुन्हा तपासणं हे तिनं खुर्ची देण्याच्याच कामात धरलं आहे. शिबिरात मोफत मिळालेल्या खुर्चीबाबतही हे सगळं मागून घ्या, संकोच नको.

पलंगावर जाता-येताना दोन्ही ब्रेक लावा आणि पायपट्ट्या वर दुमडा. त्यांच्यावर उभं राहिलं की खुर्ची पुढं उलटते. चाकात हवा कमी असेल तर ब्रेक लावूनही चाक सरकतं, म्हणून दर आठवड्याला हवा बघा. खुर्ची उचलायची झाली तर चौकटीला धरा. हात ठेवायचे दांडे निघून येऊ शकतात.

पायरीवर रॅम्प करायचा तर उताराचं प्रमाण एकास बारा ठेवा: सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा रॅम्प. जागा कमी पडून तो चढा झालाच, तर ढकलणाऱ्यानं खुर्चीच्या खालच्या बाजूला राहून ती उलटी, म्हणजे पाठीकडून, सावकाश उतरवावी.